तीस इंचांचे पंख

(शाळेच्या हीरक महोत्सवाच्या समारोपप्रसंगी मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



मुख्याध्यापिकेने अशा प्रसंगी निकालाची टक्केवारी सांगावी, नव्या खोल्यांचा हिशेब द्यावा आणि देणगीदारांचे आभार मानावेत, अशी रीत आहे. ती सारी माहिती अहवालात छापून आपल्या हाती दिलेली आहे. देणगीदारांचे आभार मी मनापासून मानते. मात्र मला मिळालेली उरलेली वीस मिनिटे मी एका निराळ्या कामासाठी मागून घेतली आहेत. या शाळेच्या दप्तरातील एक नोंद त्रेचाळीस वर्षे चुकीची राहिली आहे आणि ती चूक माझी आहे. ती दुरुस्त करायची, तर आपणा सर्वांच्या साक्षीने करावी असे मला वाटले.

प्रदर्शन पाहून आलेल्यांनी हस्तकलेच्या खोलीत छताला टांगलेले एक विमान पाहिले असेल. तलम पांढऱ्या कागदाचे, आतल्या काड्या उजेडात दिसाव्यात इतके नाजूक. माझी हकीकत त्या विमानाची आहे.

१९८१ साली मी याच शाळेत सातवीत शिकत होते. आम्ही दांडिया बाजारातील एका जुन्या वाड्यात राहत असू. माझे मामा व्यापारी जहाजावर नोकरीला होते. इंग्लंडच्या एका फेरीहून परतताना त्यांनी माझ्यासाठी एक लांबट खोका आणला. आम्ही तिघी बहिणी, भाऊ नाही. त्यामुळे ‘मुलीला विमान कशाला?’ हा प्रश्न आजीने विचारला खरा, पण तो देण्याजोगा दुसरा कोणी घरात नव्हता. खोक्यात तयार विमान नव्हतेच. होते ते विमानाचे सामान. अतिशय हलक्या लाकडाच्या पातळ फळ्या, त्यांवर छापलेल्या फासळ्यांच्या आकृत्या, काडीएवढ्या चौकोनी पट्ट्या, घडी घातलेला तलम कागद, रबराची लांब पट्टी, एक पंखा आणि चादरीसारखा उलगडणारा मोठा नकाशा. फासळ्या ब्लेडने कापायच्या, नकाशावर टाचण्या टोचून सांगाडा जुळवायचा, त्यावर कागद चढवायचा आणि पंख्याला पीळ देऊन रबराच्या बळावर विमान सोडायचे, अशी ती योजना होती.

पहिल्या दोन फासळ्या मी कापल्या आणि दोन्ही मोडल्या. तेव्हा मी माझ्या वर्गातील एका मुलाला बोलावले. त्याचे वडील मांडवीकडच्या गल्लीत सुतारकाम करीत. रंधा आणि पटाशी यांच्यातच तो वाढलेला. त्याने ते लाकूड हातात घेतले, नखाने दाबून पाहिले, वास घेतला आणि म्हणाला, “हे लाकूड नाही, हा लाकडाचा फेस आहे.” बाल्सा नावाच्या लाकडाचे इतके नेमके वर्णन मी नंतर कोणत्याही पुस्तकात वाचलेले नाही. दक्षिण अमेरिकेतील, मुख्यतः इक्वेडोरमधील हे झाड. वजनाला सागवानाच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढे. स्पॅनिश भाषेत बाल्सा म्हणजे तराफा. हे सारे मला पुढे कळले. त्याला ते बोटांनी त्याच दिवशी कळले होते.

दोन महिने आम्ही वाड्याच्या ओसरीवर ते काम केले. त्याने कापायचे, घासायचे, जुळवायचे, मी वाचायचे. नकाशावरील सूचना इंग्रजीत होत्या आणि इंग्रजीशी आमची ओळख नुकतीच झालेली. वडिलांचा शब्दकोश मांडीवर घेऊन मी एकेका शब्दाशेजारी पेन्सिलीने मराठी लिहीत असे. ‘रिब’ म्हणजे फासळी, हे सोपे होते. एक शब्द मात्र शब्दकोशातही सापडेना: ‘डायहीड्रल’. चित्रात दोन्ही पंख मध्यापासून टोकाकडे किंचित वर उचललेले दिसत होते. बराच विचार करून मी शेजारी लिहिले, ‘ओंजळ’. त्याने तो शब्द लगेच उचलला. “ओंजळ दोन्हीकडे सारखी पाहिजे, नाहीतर एका अंगावर पडेल,” असे तो पट्टीने मापून मला बजावी. विमान एका बाजूला कलले, की खालच्या बाजूचा पंख अधिक उचल घेतो आणि त्याला सावरतो. या उचललेल्या पंखांचे प्रयोजन हेच. ते त्याला कोणी शिकवले नव्हते.

कागद चढवल्यावर त्यावर पाण्याचा हलका शिडकावा केला, की तो वाळताना आक्रसून ढोलकीच्या कातड्यासारखा ताणला जातो. त्यावर लावायचे खास रसायन आमच्याकडे नव्हते. त्याने वडिलांच्या दुकानातील पॉलिश स्पिरिटात पातळ करून त्याचा एक हात दिला. एका रविवारी पहाटे पोलो ग्राउंडवर आम्ही विमान सोडले. पहिल्यांदा त्याने नाक वर केले आणि मागे घसरून पडले. त्याने नाकाशी ओल्या मातीची छोटी गोळी चिकटवली, पुन्हा सोडले, पुन्हा थोडी माती लावली. चौथ्या वेळी ते गेले. आवाज जवळजवळ नव्हताच. पंख्याची फडफड, मग तीही थांबली आणि ते शांतपणे गवतावर उतरले. मला आजही डोळे मिटले की ते दिसते.

त्यानंतर महिन्याभरात शाळेत विज्ञान प्रदर्शन भरले. त्या दिवशी तो आला नव्हता. वडिलांकडे लग्नसराईतल्या कपाटांचे काम आले होते आणि त्याला दुकानात थांबावे लागले होते. परीक्षकांनी विमानासमोर उभे राहून विचारले, “हे कोणी तयार केलं?” मी म्हणाले, “मी.”

एवढेच. खोटे बोलायचे असे ठरवून मी बोलले नव्हते. खोका माझा, मामा माझे, ओसरी आमची. त्या क्षणी ते उत्तर मला खोटे वाटलेही नाही. पहिले पारितोषिक मिळाले. प्रमाणपत्रावर माझे एकटीचे नाव सुवाच्य अक्षरात लिहिले गेले आणि शाळेच्या नोंदवहीतही तसेच. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला. फलकावरचे नाव त्याने वाचले आणि जाऊन आपल्या बाकावर बसला. पुन्हा आमच्या ओसरीवर तो कधी आला नाही. आठवीनंतर त्याने शाळा सोडली व वडिलांच्या हाताखाली काम धरले. ते विमान पुढल्या पावसाळ्यात माळ्यावर भिजून गेले. प्रमाणपत्र तेवढे राहिले.

तीन वर्षांपूर्वी हीरक महोत्सवाची आखणी सुरू झाली तेव्हा, शाळेच्या साठ वर्षांतील वस्तूंचे प्रदर्शन मांडावे, अशी कल्पना निघाली. मी ते प्रमाणपत्र काढले आणि मनात आले की त्याच्याशेजारी तसाच एक खोका, तसेच एक विमान मिळवून ठेवावे. आणि माझा शोध सुरू झाला.

स्मरणशक्ती किती फसवी असते, हे या शोधाने मला शिकवले. खोक्यावरचे नाव मला आठवत नव्हते. ज्याला विचारावे तो म्हणे, “एअरफिक्सच असणार.” १९३९ साली स्थापन झालेली ही ब्रिटिश कंपनी, विमानांच्या प्रतिकृतींमुळे तिचे नाव जगभर झाले. मुंबईच्या चोर बाजारातील मटण स्ट्रीट मी दोनदा पालथी घातली. पुण्याला लेकीकडे गेले की तेथील जुन्या बाजारात चक्कर ठरलेली. एअरफिक्सचे दोन फुटके खोके पाहायलाही मिळाले. परंतु त्यांत होते प्लॅस्टिक! साच्यातून काढलेले, चिकटवून रंगवायचे आणि कपाटात ठेवायचे विमान. ते उडत नाही. माझ्या बोटांना आठवत होता लाकडाचा भुसा, माझ्या नाकाला आठवत होता पॉलिशचा वास. नाव विसरले तरी हात विसरत नाहीत, हे खरे.

अखेर राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई शाखेत विमानांच्या प्रतिकृती शिकवणाऱ्या एका निवृत्त प्रशिक्षकांनी कोडे अर्धे सोडवले. माझे वर्णन ऐकून ते म्हणाले, “बाल्सा, छापील फासळ्या, रबर आणि इंग्लंड म्हणता, तर बहुधा कीलक्राफ्ट.” त्या नावाने खोक्याची चित्रे पाहिली आणि मामांचा चेहराच समोर उभा राहिला. पण कोडे अर्धेच सुटले होते. याच धर्तीची रबरावर उडणारी विमाने त्या कंपनीने अनेक काढली होती. दिसायला ती एकाच घरातली भावंडे. अकिलीसचे पंख चोवीस इंचांचे, एजॅक्सचे तीस, सेनेटरचे बत्तीस. माझे यांतले कोणते? परदेशातील एका संग्राहकाकडे न उघडलेला एक खोका विक्रीला होता. किंमत बरीच होती. मी पैसेही बाजूला काढले होते. त्यांनी सल्ला दिला, “घेतलात तर उघडू नका. उघडला की त्याचं मोल जातं.” पण मागवायचे कोणते, हेच मला ठाऊक नव्हते. पंखांचे माप कोणाला आठवणार?

ज्याने ते मापले होते त्याला.

मित्रहो, येथे मला कबुली द्यायची आहे. दोन वर्षे मी मुंबई पाहिली, पुणे पाहिले, सातासमुद्रापलीकडे पत्रे लिहिली. आणि ज्याला सारे ठाऊक होते, तो माणूस या शाळेपासून तीन किलोमीटरवर राहत होता. त्याचा पत्ता मला माहीत होता. त्याच्या दुकानावरून मी अनेकदा गेले होते, आणि दर वेळी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने. मी शोधत होते ती वस्तू. टाळत होते तो माणूस. वस्तू सापडली असती, तर त्याला न भेटताच माझी हुरहूर शमली असती, असा तो छुपा हिशेब होता.

गेल्या दिवाळीनंतर एका दुपारी मी त्याच्या दुकानात गेले. डोक्यावरचे केस पांढरे झालेले, कानाला पेन्सिल. “या बाई, बसा,” तो म्हणाला. बालपणीचा ‘तू’ त्याने ‘तुम्ही’वर नेऊन ठेवला होता, आणि ते अंतर मी स्वतःच आखलेले होते. मी आडवळणाने सुरुवात केली. प्रदर्शन, महोत्सव, जुने खोके. मग विचारले, “आपल्या त्या विमानाचे पंख किती इंच होते, आठवतं का?”

“तीस,” तो तत्काळ म्हणाला. “अडीच फूट. बापूंच्या गजाने मापले होते.”

मग मी ते बोलले, जे बोलायला गेले होते. प्रमाणपत्राचे. तो ऐकत राहिला. ‘छे, छे, त्यात काय एवढं,’ असे तो म्हणेल, अशी माझी आशा होती, हेही सांगितले पाहिजे. तो तसे म्हणाला नाही. “आठवतं मला,” तो म्हणाला. “तुमचं एकट्याचं नाव होतं. मी घरी सांगितलंच नाही. बापू दोन महिने सगळ्यांना सांगत होते, पोरानं विमान केलंय म्हणून.”

थोडा वेळ आम्ही दोघेही गप्प होतो. नंतर तो आत गेला आणि एक पत्र्याची नळी घेऊन आला. तिच्यात अनेक आराखडे गुंडाळलेले होते. देव्हाऱ्यांचे, पलंगांचे, जिन्यांचे. सर्वांत आतला कागद पिवळा पडलेला, घड्यांवर फाटू पाहणारा. तो आमचा नकाशा होता. टाचण्यांची भोके तशीच, आणि कडेला माझे सातवीतले अक्षर: फासळी, पंखाचे टोक, ओंजळ.

विमान गेले, खोका गेला; त्या दिवशी ओसरीवरून नकाशा तेवढा त्याच्याकडे राहिला होता. “आराखडा टाकायचा नसतो,” तो म्हणाला. “आराखडा असला की वस्तू पुन्हा होते.”

त्या संध्याकाळी मी परदेशातील खोक्याचा विचार सोडून दिला. न उघडलेला खोका हा संग्राहकाच्या दृष्टीने मौल्यवान असेल. शाळेच्या दृष्टीने तो अर्थशून्य आहे. बाजूला काढलेल्या पैशांतून आम्ही बाल्साच्या फळ्या, तलम कागद आणि रबर आणले. पैसे उरले, त्यांत ब्लेड आणि टाचण्याही आल्या. नकाशाची प्रत काढली. गेल्या जानेवारीपासून दर शनिवारी दुपारी तो शाळेत येऊ लागला. सातवीची अकरा मुले-मुली त्याच्याभोवती बसत, आणि त्यांत एक बाराव्या विद्यार्थिनी म्हणून मीही. तिसऱ्या शनिवारी माझ्या हातून फासळी मोडली. “अगं, ब्लेड उभं धर! तेव्हाही हेच सांगत होतो,” तो ओरडला. मुले हसली. मला मात्र त्या ‘अगं’ने जे मिळाले, ते कोणत्याही प्रमाणपत्राने मिळाले नव्हते.

काम चालू असताना मी मुलांना राइट बंधूंची गोष्ट सांगितली. १८७८ साली त्यांच्या वडिलांनी मुलांसाठी एक खेळणे आणले. बूच, बांबू आणि कागद यांचे, रबराच्या पिळावर वर झेपावणारे. ते आल्फाँस पेनो या फ्रेंच तरुणाच्या रचनेवर बेतलेले होते. याच पेनोने १८७१ साली पॅरिसच्या एका बागेत रबरावर चालणारे छोटे विमान अकरा सेकंद उडवून दाखवले होते. विल्बर तेव्हा अकरा वर्षांचा, ऑर्व्हिल सात. खेळणे मोडले. त्यांनी दुसरे मागितले नाही. त्यांनी तसेच स्वतः बनवायला घेतले. पुढे १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे खरे विमान पहिल्यांदा उडाले, बारा सेकंद. एका मुलीने विचारले, “बाई, त्याचं इंजिन कोणी केलं?” प्रश्न उत्तम होता. ते चार्ली टेलर या त्यांच्या सायकल दुकानातील कारागिराने सुमारे सहा आठवड्यांत घडवले होते. पाठ्यपुस्तकांत राइट बंधू असतात. टेलरचे नाव क्वचितच भेटते. माझा विद्यार्थीमित्र शेजारी कागद ताणत बसला होता. त्याने मान वर केली नाही, पण त्याचा हात क्षणभर थांबला, हे मी पाहिले.

मार्चमध्ये पोलो ग्राउंडवर विमान सोडले. नाकाशी माती लावण्याचा विधी यथासांग झाला. पाचव्या प्रयत्नात ते एकोणीस सेकंद उडाले. “राइट बंधूंपेक्षा सात सेकंद जास्त!” असे ओरडत मुले त्यामागे धावली. तेच विमान आज खाली टांगले आहे. ही मुले पंखांच्या त्या उचलीला ‘ओंजळ’च म्हणतात. मराठीत तो शब्द या अर्थाने कोणत्याही कोशात नसेल. पण गुजरातेतल्या एका मराठी शाळेत, गरज पडली म्हणून, बारा वर्षांच्या मुलीने तो वापरला आणि आज दुसऱ्या बारा वर्षांच्या मुलांच्या तोंडी तो आहे. भाषा टिकते ती अशी, काम करताना.

पालकांनो, ‘मराठी शाळेत घालून मुलाचे भवितव्य काय?’ हा आपला प्रश्न मी दर जूनमध्ये ऐकते, आणि त्यामागची काळजी मला समजते. त्याचे पूर्ण उत्तर माझ्यापाशी नाही. एवढे मात्र सांगते, की आपल्या शहराला हा विचार नवा नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० साली येथे कलाभवन सुरू केले, ते हाताच्या कौशल्याला विद्येचा मान देण्यासाठी. हात आणि पुस्तक यांना एका बाकावर बसवणे हेच शाळेचे काम आहे. आमच्या ओसरीवर ते दोन महिने घडले होते. मी वाचत होते, तो घडवत होता. एकटीने ते विमान माझ्याकडून झाले नसते, आणि नकाशा वाचल्याविना त्यालाही ते अवघड गेले असते. प्रदर्शनाच्या दिवशी मी त्यातले अर्धे पुसून टाकले.

म्हणून आज ही दुरुस्ती. विमानाशेजारी १९८१चे ते प्रमाणपत्र लावलेले आहे. ते मी बदललेले नाही, चूक दिसलीच पाहिजे. त्याच्याखाली नवे कार्ड आहे. त्यावर दोन नावे आहेत, आणि पहिले नाव त्याचे आहे. शाळेच्या नोंदवहीतही त्या ओळीसमोर दुरुस्ती करून मी आजच्या तारखेची सही केली आहे. व्यासपीठावरून नाव घ्यायचे नाही, अशी त्याची अट होती, ती मी पाळते. आपण खाली जाऊन ते वाचावे, एवढी विनंती. बापू आज नाहीत. त्यांना हे कार्ड दाखवायला मला वीस वर्षे उशीर झाला, याला दुरुस्ती नाही.

माजी विद्यार्थी मित्रांनो, आपण आज जुन्या वर्गांत फिराल, बाकांवर कोरलेली नावे शोधाल. तेव्हा जे नाव कोठेच कोरलेले नाही, त्याचीही एकदा आठवण करावी. आपल्याला गणित समजावून सांगणारा, आपली वही पुरी करून देणारी, मध्येच शाळा सोडून गेलेला कोणीतरी आपल्याही यशात असेल. तो सातासमुद्रापलीकडे असेलच असे नाही. कदाचित तीन किलोमीटरवर असेल. रस्त्याची बाजू तेवढी बदलावी लागते.

शनिवारचा वर्ग पुढच्या वर्षीही चालू राहणार आहे. पुढचे विमान कोणते करायचे, हे गुरुजी ठरवतील. होय, मुले आता त्याला गुरुजीच म्हणतात.